‘तुझं व्हर्जन काय?’ – कॉम्प्युटरच्या सोयीस्कर उत्तरांचा इतिहास

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपणार होता. त्याच्या दोन महिने आधी ऑफिसात माझ्याकडे एक साधं वाटणारं काम आलं. कुठल्या कुठल्या लॅपटॉपवर अजून विंडोज १० आहे, त्याची यादी करायची. मशीन दोनशेच्या वर. एकेकाच्या डेस्कवर जाऊन बघण्यापेक्षा मी वीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. विंडोजच्या पोटात रजिस्ट्री नावाची एक भलीमोठी वही असते. तिच्यात ‘प्रॉडक्ट नेम’ असा एक रकाना असतो. स्क्रिप्टनं प्रत्येक मशीनवर जाऊन तेवढा एक रकाना वाचायचा आणि मला कळवायचं. संध्याकाळी स्क्रिप्ट लावून मी घरी गेले.

सकाळी यादी तयार होती. सगळ्याच्या सगळ्या मशीनवर विंडोज १०. ज्या लॅपटॉपवर बसून मी ती यादी वाचत होते, त्यावरही विंडोज १०. फक्त माझ्यासमोर, स्क्रीनच्या खाली मधोमध, विंडोज ११चं स्टार्ट बटण दिसत होतं.

चूक माझीच होती. विंडोज ११ आलं तरी त्या रकान्यात ‘विंडोज १०’ असंच लिहिलेलं राहतं. खरं उत्तर शेजारच्या दुसऱ्या रकान्यात, बिल्ड नंबरमध्ये असतं. २२००० किंवा त्याच्या पुढचा आकडा असेल तर ते ११. दहा मिनिटांत स्क्रिप्ट दुरुस्त झाली. पण तेवढ्यात मॅनेजरनं विचारलेला प्रश्न डोक्यात राहिला : ‘अगं, पण मशीनला स्वतःलाच माहीत नाही का ते काय आहे?’

मशीनला माहीत असतं. पण ते सगळ्यांना सारखं सांगत नाही. कोण विचारतंय ते बघून सांगतं. आणि ही सवय त्याला लावली आहे आपणच, म्हणजे माझ्यासारख्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी. त्याची ही गोष्ट.

आवृत्ती पुस्तकाची

सुरुवातीला असा प्रश्नच नव्हता. १९७१मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांची युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आकाराला येत होती. वापरणारे मोजके, बहुतेक एकाच इमारतीतले. सिस्टिममध्ये रोज काहीतरी बदलायचं. मग ‘ही कितवी युनिक्स’ हे ठरवायचं कसं? तर सिस्टिमला नंबर नव्हताच. नंबर होता तिच्या माहितीपुस्तकाला. पहिल्या माहितीपुस्तकावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. म्हणून ती ‘फर्स्ट एडिशन’ युनिक्स. पुढे १९७९ची प्रसिद्ध ‘सेव्हन्थ एडिशन’ही तशीच, पुस्तकाच्या सातव्या आवृत्तीवरून.

म्हणजे व्हर्जन हा शब्द तेव्हा माणसांनी माणसांसाठी वापरायचा होता. ‘तुझ्याकडे कितवं पुस्तक आहे?’ एवढाच त्याचा अर्थ. ज्याला शंका असेल तो शेजारच्या खोलीत जाऊन विचारू शकत होता.

मग युनिक्स इमारतीबाहेर पडली, विद्यापीठांत गेली, कंपन्यांत गेली, तिची घराणी झाली. आता एका घराण्यासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याकडे चालेलच असं नव्हतं. तेव्हा सिस्टिमलाच विचारायची सोय झाली. ‘यूनेम’ नावाची कमांड आली. ती आजही प्रत्येक लिनक्सवर आणि मॅकवर आहे. टाइप केलं की मशीन आपलं नाव, गाव, नंबर सांगतं.

सोय चांगली होती. पण एक मोठा फरक झाला. हा प्रश्न आता माणसाबरोबर प्रोग्रामही विचारू लागला. माणसाला ‘चार’ म्हटलं की कळतं, तीनच्या पुढचं आहे, म्हणजे तीनमधलं बरंचसं यात असणार. प्रोग्रामला असं आपोआप काही कळत नाही. त्याला लिहिणाऱ्यानं जेवढं सांगितलं तेवढंच.

डॉसची खोटं बोलायची यादी

घराघरांतल्या कॉम्प्युटरवर ही अडचण पहिल्यांदा ठळक झाली ती डॉसमध्ये. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं असलेली ती सिस्टिम. १९८३मध्ये आलेल्या डॉस २मध्ये प्रोग्रामना व्हर्जन विचारायची सोय दिली गेली. पहिल्या डॉसमध्ये ती नव्हतीच. तिथं हा प्रश्न विचारला तर उत्तर शून्य यायचं. त्या शून्यावरूनच ओळखायचं, हे पहिलं डॉस.

आता कल्पना करा, तुम्ही १९८७-८८च्या सुमारास एक प्रोग्राम लिहिताय. बाजारात डॉस ३.३ आहे. तुम्ही त्यावर तपासून बघितलंय, चालतंय. सावधगिरी म्हणून तुम्ही सुरुवातीला एक ओळ टाकता : व्हर्जन ३.३ नसेल तर ‘चुकीचं डॉस’ असा मेसेज दाखवायचा आणि बंद व्हायचं. तुमच्या मते तुम्ही जबाबदारीनं वागलात. डॉस २वर कुणी चालवून डेटा खराब करून घेऊ नये, एवढाच हेतू. पण तुम्ही ‘३.३ किंवा पुढचं’ असं न लिहिता ‘३.३च’ असं लिहिलंत.

१९९१मध्ये डॉस ५ आलं. लोकांनी पैसे देऊन ते विकत घेतलं, घरी नेऊन टाकलं, आणि कालपर्यंत चालणारा प्रोग्राम आज ‘चुकीचं डॉस’ म्हणून अडून बसला. आता ग्राहक शिव्या कुणाला देणार? त्या जुन्या प्रोग्रामला? तो तर काल नीट चालत होता. बदललं काय? डॉस. मग दोष डॉसचा.

मायक्रोसॉफ्टनं यावर काढलेला तोडगा म्हणजे ‘सेटव्हर’ नावाची कमांड. डॉस ५बरोबर ती आली आणि तिच्याबरोबर एक यादी आली. एका बाजूला प्रोग्रामचं नाव, दुसऱ्या बाजूला त्याला सांगायचा आकडा. या प्रोग्रामनं विचारलं तर ३.४० सांगायचं, त्यानं विचारलं तर ४.००. त्या यादीत मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या वर्ड आणि एक्सेलचीही नावं होती. दोघांनाही ४.१० सांगितलं जायचं. म्हणजे डॉस बनवणारी कंपनी आपल्याच दुसऱ्या प्रोग्रामशी खोटं बोलत होती आणि ते अधिकृतपणे, फाइलमध्ये लिहून ठेवून. यादीत तुम्हाला स्वतःचं नाव वाढवायचं असेल तर तेही वाढवता यायचं.

आजच्या नजरेनं हे हास्यास्पद वाटतं. पण माझ्या मते ही फार महत्त्वाची घटना आहे. इथं पहिल्यांदा ठरलं, की प्रोग्राम चुकीचा प्रश्न विचारत असेल तर आपण उत्तर बदलायचं. ज्याचे पैसे गेलेत त्या माणसाचं काम थांबवायचं नाही.

चार म्हणजे तीन पूर्णांक पंच्याण्णव

पुढची पायरी विंडोजची. विंडोज ३.१ला व्हर्जन विचारलं की दोन आकडे मिळायचे. आधीचा आकडा ३ आणि नंतरचा १०, कारण ३.१ आत ३.१० असं मोजलं जायचं. खूप जणांनी तपासणी अशी लिहिली : पहिला आकडा ३ किंवा जास्त हवा, आणि दुसरा १० किंवा जास्त हवा. वाचताना बरोबर वाटतं ना? मीही कॉलेजात असते तर असंच लिहिलं असतं.

२४ ऑगस्ट १९९५ला विंडोज ९५ आलं. त्याचं खरं व्हर्जन होतं ४.००. आता वरची तपासणी लावून बघा. पहिला आकडा ४, तीनपेक्षा जास्त, पास. दुसरा आकडा ०, दहापेक्षा कमी, नापास. प्रोग्रामचा निष्कर्ष : हे विंडोज फार जुनं आहे, मी चालणार नाही.

विंडोज ९५वर काम केलेले मायक्रोसॉफ्टचे प्रोग्रामर रेमंड चेन यांनी या काळातल्या अशा अनेक गोष्टी पुढे आपल्या ब्लॉगवर लिहून ठेवल्या आहेत. तोडगा असा निघाला की विंडोज ३.१च्या जमान्यातल्या जुन्या, १६-बिट प्रोग्रामांनी विचारलं तर विंडोज ९५नं आपलं व्हर्जन ३.९५ सांगायचं. ३ हा ३पेक्षा कमी नाही, ९५ हा १०पेक्षा जास्त आहे, दोन्ही अटी पूर्ण. नव्या प्रोग्रामांना मात्र खरं, म्हणजे ४.००.

हा आकडा निवडणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. चुकीची तपासणीही पास व्हावी आणि बरोबर तपासणीही पास व्हावी, असं ते उत्तर आहे.

नाव सात, नंबर सहा

यानंतर विंडोजचं नाव आणि विंडोजचा नंबर हे दोन वेगळे संसार झाले. मायक्रोसॉफ्टची दुसरी शाखा, एनटी, १९९३मध्ये सुरू झाली तीच ३.१पासून, कारण बाजारात साधं विंडोज ३.१ होतं आणि नवं भावंडं मागे दिसायला नको होतं. विंडोज २००० आतून ५.०. एक्सपी ५.१. व्हिस्टा ६.०. व्हिस्टाच्या वेळी पहिला आकडा पाचाचा सहा झाला आणि ‘५ असेल तरच चालेन’ असं म्हणणारे प्रोग्राम अडले. त्यामुळे २००९मध्ये विंडोज ७ आलं तेव्हा त्याचा आतला नंबर ७ ठेवला नाही, ६.१ ठेवला. जुने प्रोग्राम अडू नयेत म्हणून तसं केल्याचं कंपनीनं तेव्हा उघडपणे सांगितलंही होतं. विंडोज ८ म्हणजे ६.२, ८.१ म्हणजे ६.३.

२०१३मध्ये ८.१बरोबर नियम आणखी कडक झाला. प्रोग्रामनं स्वतःबरोबर एक चिठ्ठी आणायची : ‘मला ८.१ माहीत आहे, मी त्यावर तपासून घेतलेला आहे.’ चिठ्ठी असेल तर खरं उत्तर. नसेल तर विंडोज सांगणार, ‘मी ६.२ आहे’. म्हणजे आठ. तुला जेवढं झेपेल तेवढंच सत्य.

विंडोज १०चा चाचणी अवतार आधी ६.४ होता. मग एकदम १०.० झाला. मधला ९ कुठे गेला? तेव्हा इंटरनेटवर एक खुलासा खूप फिरला : कित्येक जुने प्रोग्राम नावाची सुरुवात ‘विंडोज ९’ अशी आहे का एवढंच बघतात, म्हणजे ९५ आणि ९८ दोन्ही एका ओळीत पकडता येतात, आणि खरंच ‘विंडोज ९’ काढलं असतं तर ते त्याला विंडोज ९५ समजले असते. मायक्रोसॉफ्टनं याला अधिकृत दुजोरा कधी दिला नाही. पण तशा ओळी असलेला कोड उघड्यावर सापडला, हे खरं. आणि गोष्ट खोटी असली तरी कुठल्याही प्रोग्रामरला ती अशक्य वाटली नाही, यातच सगळं आलं.

२०२१चं विंडोज ११ आतून अजूनही १०.० आहे. बिल्ड २२०००पासून पुढे. माझी स्क्रिप्ट जिथं पडली तो खड्डा हाच. पन्नास वर्षांच्या रस्त्यावरचा सगळ्यात नवा.

मामाचं दुकान

माझ्या मामाचं जयसिंगपूरला लग्नपत्रिका छापायचं छोटं दुकान आहे. वीस वर्षांपूर्वी त्यानं मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर घेतलं. सगळ्या पत्रिकांच्या फाइली त्यातच. गावातल्या कित्येक घरांच्या दोन-दोन पिढ्यांच्या पत्रिका त्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. ‘थोरल्याची होती तशीच, फक्त नावं बदला’, असं सांगत लोक येतात. कॉम्प्युटर बिघडला म्हणून मामानं नवा घेतला आणि जुनं सॉफ्टवेअर त्यावर सुरूच होईना. मेसेज यायचा, विंडोज एक्सपी हवं.

मी फोनवर सांगितलं, ‘मामा, त्या चित्रावर राइट क्लिक करा. प्रॉपर्टीज. वर कम्पॅटिबिलिटी लिहिलंय? तिथं टिक करून एक्सपी निवडा.’

थोडा वेळ शांतता. मग सॉफ्टवेअर उघडल्याचा आवाज, आणि मामा म्हणाला, ‘उघडलं की गं! मग आता हा कॉम्प्युटर एक्सपी झाला काय?’

‘नाही हो मामा. कॉम्प्युटर तोच आहे. तो फक्त त्या सॉफ्टवेअरला सांगतोय की मी एक्सपी आहे.’

‘म्हणजे खोटं बोलतोय.’

‘हो.’

‘बोलू दे,’ मामा म्हणाला. ‘सीझन आहे.’

मामाला मी तेव्हा सांगितलं नाही, पण हा शब्द मायक्रोसॉफ्टचाच आहे. त्या टिकेमागे जे तुकडे काम करतात त्यांच्या नावांतच ‘व्हर्जन लाय’ असे शब्द आहेत. विन एक्सपी व्हर्जन लाय, विन ९५ व्हर्जन लाय. सेटव्हरची यादी अजून जिवंत आहे. फक्त आता ती एका टिकेमागे लपली आहे.

मायक्रोसॉफ्ट एकटी नाही

हे फक्त विंडोजचं असं समजू नका. लिनक्सची माणसं या बाबतीत कडक मानली जातात. २०११मध्ये लिनस तोरवाल्ड्सनं लिनक्सचा नंबर २.६.३९वरून एकदम ३.० केला. आत क्रांती झाली म्हणून नाही. आकडे फार लांबले होते आणि लिनक्सला वीस वर्षं होत होती, म्हणून. पण २.६ सात-साडेसात वर्षं टिकलं होतं आणि जगभरच्या स्क्रिप्टांनी ते कायमचं धरलं होतं. ते प्रोग्राम अडायला लागले. मग लिनक्समध्येही एक सोय आली : विशिष्ट पद्धतीनं प्रोग्राम सुरू केला तर ३.० स्वतःला २.६.४० म्हणवतं, ३.१ झालं की २.६.४१. सेटव्हरच, वीस वर्षांनी, दुसऱ्या घरात.

मॅकची कथाही तीच. २००१पासून मॅकचा पहिला आकडा १० होता. २०२०मध्ये बिग सर आलं आणि तो ११ झाला. पण जुन्या साधनांनी बनवलेल्या प्रोग्रामनं विचारलं तर बिग सर म्हणतं, ‘मी १०.१६’. असं व्हर्जन कधी कुणी विकलं नाही.

ब्राउझरमध्ये तर अंकगणितच फसलं. २००९मध्ये ऑपेरा ब्राउझर ९वरून १०वर गेला. बऱ्याच वेबसाइट फक्त पहिला अंक वाचायच्या. दहाचा पहिला अंक एक. म्हणजे हा ऑपेरा १, पुराणकाळातला! ऑपेरानं त्यानंतर कायम ९.८० असंच सांगायचं ठरवलं आणि खरा नंबर ओळीच्या शेवटी वेगळा लिहिला. २०२२मध्ये क्रोम १००वर जाणार तेव्हा हीच धास्ती होती, दोन अंकांची सवय लागलेल्यांना तीन अंक कळतील का.

आणि आता तुमच्या हातातल्या फोनकडे या. अँड्रॉइडवर क्रोममध्ये हा लेख वाचत असाल तर तुमच्या फोनचं अँड्रॉइड १३ असो, १४ असो की १५, क्रोम वेबसाइटला नेहमीच्या ओळखओळीत सांगतो, ‘अँड्रॉइड १०’. फोनचं मॉडेल विचारलं तर एकच इंग्रजी अक्षर, ‘के’. २०२३पासून हे असं आहे. पण इथं कारण वेगळं. तुमचं नेमकं व्हर्जन आणि मॉडेल कळलं तर लाखोंच्या गर्दीतून तुम्हाला वेगळं काढून तुमचा माग काढणं सोपं होतं. म्हणून सगळ्यांना एकच सदरा. जुन्या प्रोग्रामला सांभाळून घेण्यासाठी सुरू झालेलं खोटं आता माणसाला लपवण्यासाठी वापरलं जातंय.

कोण आहेस, की काय येतं?

इतकी वर्षं एवढा गोंधळ झाल्यावर या धंद्यात एक शहाणपण आलं. व्हर्जन विचारूच नका. तुम्हाला जे काम करून घ्यायचंय ते येतं का, एवढंच विचारा. वेबसाइटनं ‘तू कुठला ब्राउझर’ विचारण्यापेक्षा ‘तुला लोकेशन देता येतं का’ असं विचारावं. मायक्रोसॉफ्टची आजची सूचनाही हीच आहे : व्हर्जन बघून अंदाज बांधू नका, सोय आहे का ते थेट तपासा.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पुण्यात भाड्यानं फ्लॅट शोधत फिरलेले दिवस आठवले. माझ्याबरोबर एक मैत्रीण असायची. घरमालक दारातच विचारायचे, ‘पूर्ण नाव?’ ती पहिलं नाव सांगायची. ‘आणि आडनाव?’ आडनाव विचारणाऱ्याला आडनावाशी काही घेणंदेणं नसतं, त्याला त्यावरून दुसरंच काहीतरी ठरवायचं असतं. भाडं वेळेवर देशील का, घर नीट ठेवशील का, हे प्रश्न थेट विचारता येतात. ते न विचारता एका शब्दावरून निकाल लावायचा. तिसऱ्या-चौथ्या घरानंतर ती माझं आडनाव सांगू लागली. फ्लॅट मिळाला.

कॉम्प्युटरची आणि माणसाची तुलना एका मर्यादेपलीकडे करू नये. कॉम्प्युटरला अपमान होत नाही. पण प्रश्नच चुकीचा असेल तर उत्तर देणारा खोटं बोलायला शिकतो, आणि त्या खोट्याचा दोष पुन्हा त्याच्याच माथी येतो, हे दोन्हीकडे सारखं आहे.

जिथं खरं उत्तर लागतंच

मग व्हर्जन हा प्रश्नच निरर्थक का? नाही. एका ठिकाणी त्याचं खरं उत्तर लागतंच लागतं.

१२ मे २०१७ला वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं. विंडोजच्या फाइल शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीत एक भोक होतं, त्यातून ते शिरायचं, फाइली कुलूपबंद करायचं आणि पैसे मागायचं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ ट्रस्टपैकी ८०ना त्याचा फटका बसला. ठरलेल्या तपासण्या आणि ऑपरेशनं रद्द झाली, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या.

तेव्हा सगळ्यांनी एक्सपीला दोष दिला, कारण त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४लाच संपला होता. पण बळी पडलेल्यांत बहुसंख्य मशीन विंडोज ७ची निघाली. विंडोज ७ला तेव्हा सपोर्ट होता. भोक बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी आलं होतं. काहींनी ते टाकलं, काहींनी टाकलं नाही. आणि व्हर्जन विचारलं तर दोघांचंही उत्तर एकच : ६.१. वाचणारं मशीन आणि बुडणारं मशीन यांच्यातला फरक त्या आकड्यात नव्हताच.

उलट उदाहरणही आहे. रेड हॅटच्या सर्व्हरवरच्या लिनक्सचा नंबर वर्षानुवर्षं ३.१० असाच दिसायचा. बघणाऱ्याला वाटावं, किती जुनाट. पण रेड हॅटची माणसं नवी सुरक्षा-डागडुजी त्या जुन्या नंबरच्या पोटात घालत राहायची. नंबर म्हातारा, आतलं मशीन ठणठणीत.

आपल्याकडे हा प्रश्न एटीएमच्या रूपानं आला. त्यांतली कित्येक एक्सपीवर चालत होती. जून २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना टप्पे ठरवून दिले आणि जून २०१९पर्यंत सगळी एटीएम सपोर्ट असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणायला सांगितलं. इथं ‘तुला नोटा मोजता येतात का’ हा प्रश्न पुरत नाही. नोटा तर एक्सपीही मोजत होतं. तुझी काळजी अजून कुणी घेतंय का, हे विचारावं लागतं.

आणि तेवढं विचारूनही कधीकधी भागत नाही. २७ जून २०१७ला नॉटपेट्याचा हल्ला झाला. त्यात न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या, मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. नॉटपेट्या एका मशीनमध्ये शिरलं की तिथले पासवर्ड चोरून पुढे जायचं, त्यामुळे अपडेट केलेली मशीनसुद्धा त्याच्या तावडीत सापडत होती.

तारीख बघा

दिवाळीला जयसिंगपूरला गेले तेव्हा मामाच्या दुकानात बसले. कम्पॅटिबिलिटीची टिक तशीच होती, पत्रिका छापल्या जात होत्या. मी कीबोर्डवर विंडोजची की आणि आर दाबलं, ‘विनव्हर’ टाइप केलं. त्या छोट्या चौकटीत विंडोजचं नाव, व्हर्जन आणि बिल्ड नंबर येतो. मामाच्याच कॉम्प्युटरवर मामाचे बँकेचे व्यवहार चालतात. बिल्ड बघितलं, अपडेट कधीचं ते बघितलं. आठ महिन्यांपूर्वीचं होतं. ‘ऐन कामात रीस्टार्ट मागतंय म्हणून बंद केलं,’ मामा म्हणाला. मी ते सुरू केलं. दुकान बंद झाल्यावर रात्रीची वेळ लावून दिली.

मामाचं ते जुनं सॉफ्टवेअर अजूनही समजतंय की ते एक्सपीवर आहे. समजू दे. त्याला जे सांगितलंय त्यानं एका माणसाचं दुकान चालतंय. पण मामाला आणि मला खरं माहीत हवं.

तुमच्या फोनमध्येही ते बघता येतं. सेटिंग्जमध्ये जा, अबाउट फोन उघडा. अँड्रॉइड व्हर्जन दिसेल. तो आकडा बघून मित्रांशी चढाओढ करायची असेल तर करा. पण त्याच्याच आसपास ‘सिक्युरिटी अपडेट’ असं लिहून एक तारीख असते. २०१५मध्ये स्टेजफ्राइट नावाचं मोठं भोक उघडकीला आल्यावर गूगलनं दर महिन्याला अशी डागडुजी जाहीर करायला सुरुवात केली, आणि त्यानंतर ही तारीख फोनवर दिसू लागली. तुमच्या फोनकडे कुणीतरी शेवटचं कधी लक्ष दिलं, ते या तारखेवरून कळतं. वर्षभरापूर्वीची असेल तर वर लिहिलेला आकडा कितीही मोठा असू दे, तो फोन जुना झाला.

युनिक्सच्या पहिल्या पुस्तकावर तारीख होती. मधल्या पन्नास वर्षांत आपण नंबरांची बरीच ओढाताण केली. तारीख मात्र अजून वाचता येते.